खोडरबर सर

विद्यापीठातला प्राध्यापक आणि शर्टाच्या खिशाला पेन नाही, असा माणूस मी एकच पाहिला. सरांच्या खिशात एक शिसपेन्सिल असायची आणि एक खोडरबर, शाळेत वापरतात तसला पांढरा, कडांनी काळा पडलेला. आमच्या मजूर संघटनेत आम्ही त्यांना ‘खोडरबर सर’ म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं, आणि प्रेमाने ठेवलं नव्हतं. मी या माणसावर चार वर्षं जळले. आज तो इथे येत नाही, तरी जळणं पुरतं थांबलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही बरं लिहिलं तर ते मी नाइलाजाने लिहिलं आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

त्या खोडरबराचं काम असं होतं. सर मुंबईला विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायचे. भातकापणी संपली की आमच्या जव्हार-मोखाड्यातली घरंच्या घरं वीटभट्टीवर कामाला जातात, त्यांच्यावर सरांचं संशोधन. पोशेऱ्याच्या बाजूला एक पाडा आहे, तिथे ते वर्षानुवर्षं येत होते. शोधनिबंध इंग्रजीत छापून यायचा. पण छापायला धाडण्याआधी सर त्याची मराठी नक्कल पेन्सिलीने स्वतःच्या हाताने काढायचे, एसटीने जव्हारला यायचे, तिथून मोखाड्याची गाडी धरायची, फाट्यावर उतरून चालत पाड्यात. मग कुणाच्या तरी ओटीवर बसून, ज्यांचं बोलणं त्यात होतं त्यांना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे. कुणी ‘हे नको’ म्हटलं की तिथल्या तिथे सगळ्यांसमोर खोडायचे. फुंकर मारून कचरा उडवायचे आणि विचारायचे, “गेलं?” समोरच्याने “गेला” म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. इंग्रजीतूनही ते वाक्य जायचं. किती चांगलं वाक्य आहे, कोणत्या परिषदेत त्याला टाळ्या पडल्या असत्या, याचा हिशोब नाही.

मला हा चक्क मूर्खपणा वाटायचा. आम्ही पत्रकं छापणारी माणसं. आमच्याकडे वाक्य वाढतं, कमी होत नाही.

सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडण होतं, निदान माझ्या बाजूने. मी जामसरची. जव्हारच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा सर व्याख्यानाला आले होते. व्याख्यान संपल्यावर मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात विचारलं, “इतकी वर्षं तुम्ही आमच्यावर संशोधन करता. आम्हाला काय दिलंत?” सगळा हॉल टाळ्यांनी वाजला. आता हा माणूस सारवासारव करणार, शासन, धोरण, शिफारशी असं काहीतरी बोलणार, आणि मग मी दुसरा प्रश्न फेकणार, अशी माझी तयारी होती. सर म्हणाले, “काही नाही. अजून तरी काही नाही,” आणि खाली बसले.

माझा दुसरा प्रश्न तोंडातच राहिला. भांडायला आलेल्या माणसाच्या हातून भांडणच काढून घ्यायचं, याला मी तेव्हा लबाडी म्हटलं होतं.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. “जामसरची ना तू? तुझी आत्या पोशेऱ्याकडे दिलेली आहे. ती म्हणाली होती, भाची आहे एक, भांडते चांगली.”

माझी आत्या! माझ्या बापाची सख्खी बहीण. मला वर्षातून चारदा भेटायची, भेटली की “बरी हाय” म्हणायची आणि चुलीपाशी जायची. तिने या मुंबईच्या माणसाला माझ्याबद्दल सांगितलं होतं. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्याला दुसरं नाव नाही.

मग मी मुद्दाम बघायला लागले की या माणसाकडे असं काय आहे. आमची संघटना त्याच, आत्याच्या पाड्यात बैठका घ्यायची. मागणी साधी होती: भट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद निघण्याआधी गावातच व्हावी, नेणाऱ्या मुकादमाच्या नावासकट, म्हणजे तिकडे काही झालं तर माणूस शोधायचा कुठे हे तरी कळेल. अशी मागणी नाकारायला काळीजच लागत नाही, दगड लागतो. मी बैठकीत तळमळून बोलायचे. पाड्यातली माणसं ऐकायची, माना हलवायची, पत्रक घडी करून पदराला बांधायची, टोपीत ठेवायची. बैठक संपली की उठून जायची. मला ती ‘ताई, तुम्ही’ म्हणायची. मी त्यांच्यातलीच, त्यांच्यासारखीच नागलीची भाकर खाऊन वाढलेली, तर मला ‘तुम्ही’. आणि सरांना, केस पिकलेल्या, विद्यापीठातल्या माणसाला, “ये रं सर, बस. यंदा वाळलास.”

सर काय करायचे? खरं सांगते, काही नाही. अंगणाच्या कडेला उभे राहायचे, कुणी बोलावेपर्यंत. बोलावलं की ओटीवर बसायचे. एक प्रश्न विचारायचे आणि मग गप्प. नुसते गप्प. कोंबडीकडे बघत बसायचे. समोरचा बोलला नाही तरी दुसरा प्रश्न टाकायचे नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, “सर, अर्धा तास झाला, ती बाई काही बोलत नाहीये.” तर म्हणाले, “मला प्रश्न विचारायचा पगार नाही मिळत. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसायचा मिळतो.” आणि त्या बाईने, मी उठून गेल्यावर, संध्याकाळपर्यंत सांगितलं म्हणे. मी उठून गेल्यावर!

पगार मिळायचा, पण बढती नाही. विद्यापीठातल्या माणसाची नोकरी कशी चालते हे मला सरांमुळे कळलं. शोधनिबंधाला गुण, परिषदेला गुण, गुण जमले की वरची पायरी. सरांच्या बरोबरीचे लोक प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, परदेशी जाऊन आले. सर सहयोगी प्राध्यापक, ते शेवटपर्यंत सहयोगीच. कारण त्यांचा निबंध पाड्याच्या सवडीवर अडायचा. पावसात माणसं भाताच्या आवणीत, रोपं लावायला, मग निंदणी, मग कापणी, झोडणी, आणि झोडणी झाली की भट्टीच्या गाड्या दारात. वाचून दाखवायला मध्ये जेमतेम पंधरवडा मिळायचा, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिकडे सत्राच्या परीक्षा. सर हक्काची रजा काढून यायचे. विभागातल्या फायली, मूल्यांकन समितीचे तक्ते, पोरांचे प्रबंध, सगळं पिशवीत भरून आणायचे आणि ओटीवर बसून तपासायचे. एकदा परदेशातल्या एका संपादकाने निकड लावली, तेव्हा सरांनी त्याला कळवलं होतं की ज्यांचं बोलणं निबंधात आहे ती माणसं सध्या भात कापत आहेत, त्यांचं झालं की कळवतो. संपादक थांबला नाही. निबंध गेला तो गेलाच. सर हे सांगताना हसत होते. मी नाही हसले. स्वतःचं नुकसान हसत सोसणारी माणसं मला आवडत नाहीत. ती बाकीच्यांना खुजं करतात.

पोरांच्या प्रबंधांवर सर समासात पेन्सिलीने एकच शेरा मारायचे: ‘हे कोण म्हणालं?’ पानापानावर तेच. ‘आदिवासी समाजात असा समज आहे’, समासात ‘हे कोण म्हणालं?’ ‘स्त्रियांना असे वाटते’, ‘हे कोण म्हणालं?’ मी एकदा मोठ्या ऐटीत माझं पत्रक त्यांना वाचायला दिलं. एकाच पानाचं पत्रक, त्यावर तोच शेरा तीन ठिकाणी आला. एक तर ‘जनता आता गप्प बसणार नाही’ या ओळीशेजारी.

“सर, हे घोषवाक्य आहे!” मी म्हटलं.

“हो का? मग छान आहे,” ते म्हणाले. “पण कोण म्हणालं?”

“मी म्हणाले!”

“मग तसं लिही ना. ‘मी आता गप्प बसणार नाही.’ ते खरंच आहे, मी बघतोय.”

ओटीवरच्या बायका खदाखदा हसल्या. आत्यासुद्धा. माझ्या भाषणाला ती कधी साधी गालात हसली नव्हती.

आता त्या वाचनाविषयी. मी त्याला हजर होते, आणि नसते तर बरं झालं असतं.

झोडणी आटोपली होती, अंगणात पेंढा पडला होता. आत्याच्याच ओटीवर सर बसले होते, समोर पंधरा-वीस माणसं. वाचन म्हणजे गंमतच असायची, हे कबूल करते. सर सावकाश वाचायचे, एकेक माणूस आपलं बोलणं आलं की सावरून बसायचा. एका म्हाताऱ्याच्या बोलण्यात होतं की भट्टीवर जाताना बैल भावाकडे सोपवून जावा लागतो. म्हातारा मध्येच म्हणाला, “नुसता बैल काय लिवलास? त्याला नाव नाय का? कवड्या नाव हाय त्याचा.”

“लिहू?” सरांनी विचारलं.

“लिव म्हंजे? मना इचारून लिवलास, त्याला नको इचारू, पन नाव तरी लिव.”

सरांनी लिहिलं. पुढे तो निबंध छापून आला असता तर परदेशातल्या विद्वानांनी कवड्या बैलाचं नाव वाचलं असतं. दुसऱ्या एकाने आपण दारू प्यायलो ते वाक्य खोडायला लावलं. त्याची बायको म्हणाली, “खोडल्यानं उतरंल काय तुझी?” सगळे हसले. सर खोडत होते, फुंकर मारत होते, “गेलं?” “गेला.”

मग सरांनी एक पान काढलं आणि वाचायच्या आधी थांबले. आत्याकडे बघितलं. “हे तुझं आहे. वाचू का?”

“वाच,” आत्या म्हणाली.

त्या पानावर काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. आत्या तरुण असताना एक वर्ष भिवंडीकडच्या भट्टीवर होती, त्या वर्षाचं ते होतं, एवढंच सांगते. सर वाचत होते आणि मी ऐकत होते. मला वाटत होतं की मला आत्या माहीत आहे. तिच्या कडेवर बसून मी जत्रा पाहिली आहे. आणि तिच्यावर जे गुजरलं ते मी एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकत होते, वीस माणसांत बसून. वाईट वाटण्याआधी मला काय वाटलं माहीत आहे? त्याला सांगितलं, मला नाही. ही अशी मी. लाज वाटते, पण तेच आधी वाटलं.

सरांचं वाचून झालं.  आत्या पानाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, तरी बघत होती. मग म्हणाली, “हा खोड.”

“कुठलं वाक्य?”

“सगळा.”

सरांनी पुन्हा खोडरबर उचलला. पान मांडीवरच्या वहीवर पसरलं आणि पहिल्या ओळीपासून खोडायला लागले. भरलेलं पान खोडायला वेळ लागतो. कागद घासून घासून पातळ झाला, एका ठिकाणी फाटला. मला राहवलं नाही. “सर, काय करताय? हाच तर पुरावा आहे! भट्टीवर काय होतं ते सगळं या एका पानात आहे!”

“कोनाचा पुरावा, बाय?” आत्या म्हणाली. माझ्याकडे न बघता.

सरांनी फुंकर मारली. “गेलं?”

आत्याने पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. “गेला.”

कागदावरून गेलं. माझ्या कानातून गेलं नव्हतं. भाषणं पाठ करून करून माझी स्मरणशक्ती चांगली तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी मी जव्हारला झेरॉक्सच्या दुकानात बसून ते पान जसंच्या तसं उतरवलं. आठवड्याने आमचा मोर्चा होता. असं पत्रक आमच्या कुठल्याच मोर्चाला आजवर मिळालं नव्हतं. नाव अर्थातच घातलं नाही. तेवढी अक्कल मला आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ‘पोशेऱ्याकडच्या एका मावशी’ एवढंच. आणि त्या मावशी डोळ्यांपुढे उभ्या राहाव्यात म्हणून त्यांच्या अंगणातल्या एका झाडाचा उल्लेख केला. छान वाक्य होतं ते. त्या पाड्यात ते झाड एकाच अंगणात आहे. मुंबईत छापलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पत्रक छापणाऱ्याला वाटतं, नाव काढलं की माणूस लपतो. चाळीस घरांच्या पाड्यात झाडसुद्धा नावासारखंच असतं. हे मला कळायला हवं होतं, मी कुठल्या शहरातून आलेली नव्हते.

आणि खाली, वजन यावं म्हणून, एक ओळ जोडली: ‘विद्यापीठातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या संशोधनावर आधारित.’ ज्या माणसावर मी जळत होते, त्याच्याच नावाचा टेकू घेतला. नाव न घेता.

मोर्चा मोठा निघाला. आत्या पाड्यातल्या बायकांबरोबर आली होती. माझ्यासाठी आली होती, पहिल्यांदाच, आणि मोर्चाअखेरच्या सभेत मी तिला हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं होतं. मग मी माईक घेतला आणि पत्रक वाचायला लागले. झाडाच्या वाक्यापाशी पाड्यातल्या, पण त्या वाचनाला नसलेल्या एका बाईची मान वळली. मग दुसरीची. मग ती सगळी रांगच आत्याकडे बघायला लागली. मी ते मंचावरून बघत होते. थांबायला हवं होतं. थांबले नाही. समोरच्या गर्दीला रडू फुटत होतं, माझा आवाज चढत होता, परिच्छेद पूर्ण केला. मान वर केली तेव्हा आत्या उठली होती. पदर तोंडावर ओढून, माणसांतून वाट काढत, भर दुपारी एसटी डेपोकडे चालत निघाली होती. एकटी. टाळ्या चालू होत्या.

त्यानंतर मी दोनदा तिच्याकडे गेले. तिने तांब्याभर पाणी दिलं, परक्या पाहुणीला देतात तसं. बोलली नाही.

सरांचं काय झालं ते मला नंतर कळलं, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीकडून. तिचा फोन आला आणि ती माझ्यावर ओरडलीच. पत्रक कुणीतरी विद्यापीठात पाठवलं होतं. संशोधनात लोकांनी विश्वासाने सांगितलेलं बाहेर फुटलं, म्हणून समिती बसली. सरांना विचारलं, पान कुणी दिलं. सरांनी लेखी उत्तर दिलं की पान कुणालाही दिलेलं नाही, ते वाचनाच्या वेळी ऐकलं गेलं, वाचन मी ठेवलं होतं, जबाबदारी माझी. ऐकणारं कोण, यावर गप्प. समितीने त्यांचा प्रकल्प बंद केला, पाड्यात जायला मनाई केली. निबंध त्यांनी स्वतःच मागे घेतला. कवड्यासकट. निवृत्तीला तेव्हा त्यांची थोडीच वर्षं उरली होती.

“त्यांनी तुझं नाव सांगितलं नाही,” ती मुलगी म्हणाली. “मी असते तर सांगितलं असतं.”

मीही सांगितलं असतं. म्हणून तर संताप आला. चूक मी केली आणि त्यातही मोठा तोच ठरला!

त्याच तिरमिरीत मी मुंबईला गेले. त्यांची खोली शोधली. कपाटभर फायली, टेबलावर प्रबंधांचा ढीग, आणि त्यामागे सर, पेन्सिल घेऊन ‘हे कोण म्हणालं?’ लिहीत बसलेले.

“ये,” म्हणाले. “पत्रक वाचलं. चांगलं उतरलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

“टोमणा मारताय.”

“नाही गं. इतकं नीट ऐकणारं माणूस माझ्या वर्गात एकही नाही. म्हणून तर जास्त वाईट वाटलं.”

मी बोलायला आले होते ते सगळं बोलले. भट्टीवर आजही तेच चालू आहे, तुम्ही खोडलंत म्हणून ते थांबलं का, एका बाईच्या संकोचासाठी शंभर बायकांचं गाऱ्हाणं दाबायचं का. सर ऐकून घेत होते.  मी दमल्यावर म्हणाले, “शंभर जणींनी मला सांगितलं नव्हतं. हिने सांगितलं होतं. सांगायला तिला सात वर्षं लागली. परत घ्यायला एक दुपार. तेवढी तिची होती.”

“मी समितीला पत्र लिहिते. मी केलं म्हणून.”

“लिही. पण समितीला घाई नाही. आधी आत्याकडे जा. मला तिकडे जायची बंदी आहे, तुला नाही.” मग कपाटातून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. “प्रकल्प बंद झाला की टिपणं जमा करायची असतात. बाकीची केली. ही केली नाही. ही आत्याची आहे. तिने सांगितलेलं सगळं यात आहे. तिला नेऊन दे.”

“माझ्याकडे देताय?” मी म्हटलं. “माझ्याकडे?”

“दुसरं कोण जाणार आहे तिकडे?” सर म्हणाले आणि पुढचा प्रबंध ओढला. त्या माणसाला मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं. समितीला मी पत्र पाठवलं. पोच आली, बाकी काही आलं नाही. सर गेल्या वर्षी निवृत्त झाले, सहयोगी प्राध्यापक म्हणूनच. गुडघे गेलेत, एसटीचा प्रवास झेपत नाही, असं कळतं.

त्या भेटीहून परतताना ठाण्याहून जव्हारची गाडी, आणि मांडीवर ती वही. आत्याने त्याला सांगितलेलं सगळं. जे मला चार वर्षांत एकदा मिळालं नव्हतं ते सगळं, दोरीने बांधलेलं. वाड्याला गाडी थांबली तेव्हा मी दोरी सोडली. पहिलं पान वाचलं. पेन्सिलीने तीनच ओळी होत्या: ‘आज वही उघडली नाही. भात झोडायला हात लावला. निघताना म्हणाली, परत ये.’ पान उलटायला बोट घातलं आणि भिऊन वही मिटली. चांगुलपणाने नाही, भिऊनच.

आत्या अंगणात नागली पाखडत होती. मी वही पुढे केली. कुणाची, काय, सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं, हात पुसले, वही घेतली, वजन बघावं तशी हातात तोलली.

“तू वाचलास?”

खोटं बोलता आलं असतं. “एक पान. पयलं.”

“काय हाय त्याच्यात?”

सांगितलं. तिने वही काखेत घातली. मग आत गेली, वही माळ्यावर टाकल्याचा आवाज आला, परत बाहेर आली आणि सूप हातात घेतलं. त्या मोर्चानंतर पहिल्यांदा ती माझ्याशी सरळ बोलली.

“ती वही तो नि मी बोलली त्याची हाय. तिच्यात तू नको शिरू. तुला काय पायजे तर मना इचार. मी हाय ना जिती.”

इचार! चार वर्षं त्या पाड्यात मी बोलत होते. मागण्या सांगितल्या, कायदे सांगितले, घोषणा शिकवल्या. त्या अंगणात उभी राहून मी शोधू लागले आणि मला आढळलं की मी आत्याला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. एकही नाही. आता विचारायची वेळ आली तर काय विचारतात तेच सुचेना. ती सूप हलवत होती, वाट बघत होती, घाई करत नव्हती. शेवटी जे तोंडात आलं ते म्हटलं.

“आत्या, जेवलीस का?”

आत्याचं सूप थांबलं. माझ्याकडे बघून ती हसली, गालातल्या गालात नाही, चांगली दात दिसेपर्यंत.

“सर बी आला का पयला हाच इचारायचा,” ती म्हणाली. “नाय जेवली. बस, भाकर टाकतू.”

अंगाचा नुसता जळफळाट झाला. तरी बसले.